पोथीपुढचा दिवा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते राजे, तह आणि लढाया ऐकण्याच्या तयारीने बसतात. आज आम्ही निवडलेला विषय त्या मानाने फार लहान, अगदी हातभर उंचीचा आहे. चार माणसांसमोर पोथी वाचणारा, पद म्हणणारा किंवा स्वरलिपीचा कागद पुढे ठेवून वाजवणारा माणूस आपल्यापाशी दिवा कोणता घेतो, तो कोठे ठेवतो आणि का, एवढाच हा प्रश्न आहे. प्रश्न लहान खरा, पण वाशीम जिल्ह्यात तो दरवर्षी नव्याने उभा राहतो. चातुर्मासात पोथ्या लागतात, गावोगाव सप्ताह बसतात, आणि दोन दिवस होत नाहीत तोच साठी उलटलेला एखादा वाचक "आता अक्षर लागत नाही" म्हणून आपली जागा सोडतो. त्याचे वय झाले, असे आपण म्हणतो. वय झालेले असतेच; परंतु त्याच्या उठून जाण्यात दिव्याचाही काही भाग आहे की काय, हे एकदा नीट तपासले पाहिजे.

आमच्या या नगराचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. येथील सर्वसेन राजाने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले. ते आज समग्र हाती नाही. पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांतून आणि दिलेल्या उताऱ्यांतूनच त्याची ओळख उरली आहे. त्यानंतर काही शतकांनी राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातील याच वत्सगुल्म नगरात लावून दिला. त्या ग्रंथात कोणत्या प्रांताचे लोक काव्य कसे म्हणतात याची मोठी मार्मिक चर्चा आहे. ती चर्चा कंठाची, काकूची आणि उच्चारांची आहे. काव्य ही म्हणण्याची आणि ऐकण्याची वस्तू होय, डोळ्यांचा संबंध त्यात दुय्यम, ही समजूत तिच्या मुळाशी आहे.

या समजुतीचा परिणाम आपल्या दिव्यांवरही झाला. आपल्या परंपरेत रात्रीच्या कार्यक्रमाला दिवा लागला तो बहुधा पाहणाऱ्यांसाठी. गोंधळ्याच्या हातातली दिवटी घ्या. ती देवीचे रूप म्हणून पूजिली जाते, तिच्या उजेडात गोंधळी काही वाचीत नाही. खडी गंमत मशालीच्या उजेडात रंगे, आणि तो उजेड नाच्याच्या व शाहिराच्या तोंडावर पडे. कीर्तनात बुवांच्या बाजूला समई असते, ती बुवांची मुद्रा श्रोत्यांना दिसावी म्हणून. आख्यान आणि अभंग बुवांना मुखोद्गत असतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. त्या समाजाची गाणी नंगाऱ्याच्या ठेक्यावर तोंडातून तोंडी, आजीकडून नातीकडे आली. २०२४ साली पोहरादेवीस बंजारा विरासत संग्रहालय उघडले, त्यातही नंगाऱ्याला मानाचे स्थान आहे. ज्यांचा ग्रंथ स्मरणात असतो, त्यांना अंधार आडवा येत नाही.

अपवाद होता तो पोथीचा. पोथी वाचायची म्हणजे पान पाहावे लागते, आणि ती चारचौघांत सुरावर म्हणायची म्हणजे ते एक प्रकारचे गायनच असते. ओवी सपाट वाचली तर श्रोते चुळबुळ करतात. तेव्हा स्वरलिपीचा कागद पुढे ठेवून वाजवणाऱ्या वादकाचा आपल्याकडील सर्वांत जुना भाऊबंद म्हणजे हा पोथीवाचक.

पोथ्यांसाठी प्रसिद्ध असे आमच्या जिल्ह्यातले गाव म्हणजे कारंजा. तेथील जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते जतन झाली. विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून उजेडात आणले आणि भाषेच्या इतिहासातला एक मोठा दुवा अभ्यासकांच्या हाती आला. या पोथ्यांच्या संदर्भात दिव्याचा विचार करू लागले की एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. जैन साधू दिवा पेटवीत नाहीत. ज्योतीवर पाखरे येऊन मरतात, आणि अग्नीचे शरीर धारण करणारेही जीव आहेत, असे त्यांचे शास्त्र सांगते. म्हणून त्यांचे ग्रंथवाचन दिवसाउजेडी व्हावयाचे. दिव्याची निवड कशी करावी या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे सूर्य. त्या उत्तरात जीवदया आहेच, शिवाय व्यवहाराचे शहाणपणही आहे, कारण सूर्यप्रकाशाइतका सर्वांगी आणि निर्दोष उजेड तेलाच्या कोणत्याही दिव्याने दिलेला नाही.

तेच कारंजे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. 'गुरुचरित्रा'चे सात दिवसांचे पारायणही पुष्कळ घरी सकाळीच होते. परंतु शेतकरी आणि बाजारपेठेतला माणूस यांना पोथीसाठी रात्रच मोकळी. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ गावोगाव वाचले गेले ते बहुतेक चातुर्मासाच्या रात्री. सर्वसेनाचे 'हरिविजय' लुप्त झाले त्या भूमीत श्रीधरांचे 'हरिविजय' घरोघर वाचले गेले, हा योग मोठा मौजेचा आहे.

आता चातुर्मास म्हणजे पावसाळा. बाहेर वारा, आत ओल, आणि दिव्याभोवती पाखरांचा घेर. समईत तेल तिळाचे असो, करडईचे असो की एरंडीचे असो, उघड्या ज्योतीला वाऱ्याचे भय असतेच. ज्योत हलली की अक्षर हलते. वातीवर काजळी धरली की दर थोड्या वेळाने ती झाडावी लागते, आणि झाडताना तेलाचा थेंब पानावर पडला तर तो डाग जन्मभराचा. म्हणून एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे, आणि तिसरा कोणी तरी पोर वात सारण्याच्या कामावर बसे. पोथीला सुटी पाने असल्यामुळे वाचलेले पान उलटून पलीकडे ठेवावे लागते, त्या हालचालीच्या वाटेत दिवा असून चालत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पूजेचा दिवा पोथीच्या समोर असतो. तो पोथीला ओवाळण्यासाठी आणि श्रोत्यांना प्रसन्न वाटावे म्हणून असतो. परंतु समोरच्या ज्योतीकडे पाहत वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधेरी येते. वाचण्याचा दिवा बाजूला आणि डोळ्यांच्या रेषेच्या बाहेर हवा. पूजेचा दिवा आणि वाचण्याचा दिवा हे दोन निराळे दिवे आहेत, हे ज्या घरात उमगले त्या घरात वाचक टिकला. हा भेद विसरला की काय होते, ते पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, पोथी छापली जाऊ लागली. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापखाना काढला, १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर सुरू झाला, आणि हळूहळू छापील पोथी खेड्यात पोचली. दुसरी, रेल्वेने वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला त्याच काळात रॉकेल तेल खेड्यांपर्यंत आले. काचेच्या चिमणीत ज्योत स्थिर राहू लागली. वारा लागला तरी न विझणारा कंदील आला. पुढे ओगलेवाडीच्या ओगले बंधूंचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. पोथीवाचनाला असा सोयीचा दिवा त्यापूर्वी झाला नव्हता. तो वाऱ्याला भीत नाही, त्यात पाखरू शिरत नाही, तो उचलून हवा तेथे ठेवता येतो, आणि मुख्य म्हणजे तो मुका आहे.

मुका हे विशेषण आम्ही मुद्दाम वापरले, कारण त्याच्या मागोमाग जी गॅसबत्ती आली ती मुकी नव्हती. ऑस्ट्रियातील आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ साली गॅसच्या जाळीचे पेटंट घेतले. थोरियम आणि किंचित सेरियम यांच्या क्षारांत भिजवलेली ती जाळी तापली की पांढरी शुभ्र झळकते. तिला दाबाने रॉकेलची वाफ पुरवणारी पेट्रोमॅक्स बत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत निघाली. कंदील पाचसात मेणबत्त्यांच्या बळाचा, तर ही बत्ती दोनशे ते पाचशे मेणबत्त्यांच्या. वराती, जत्रा आणि तमाशे तिने उजळून टाकले. डोक्यावर बत्ती घेतलेल्या माणसांच्या रांगेमधून वाजंत्री चालत, आणि त्यांना वाचायचे काही नसल्यामुळे तो हलता उजेड त्यांना पुरे. पण बत्तीचा एकसारखा 'सूं' असा आवाज तंबोऱ्याच्या जोडीला बसला की हळू गाणाऱ्याचे गाणे त्यात बुडे, आणि वाचकाजवळ ती ठेवावी तर तिची झळ सोसत नसे. भरपूर उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे, हा धडा गॅसबत्तीने प्रथम दिला.

याच काळात संगीत नाटके बहरली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि पुढच्या पन्नास वर्षांत कापसाच्या पैशावर वऱ्हाडात नाटक मंडळ्यांचे दौरे सुखाने चालले. 'मानापमान' १९११ चे, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पेटी आणि ऑर्गन वाजवणारे रंगमंचापुढे बसत. परंतु पदे त्यांच्या बोटांत बसलेली असत आणि नजर नटावर असे. या सबंध खटाटोपात रात्रभर कागद वाचणारा माणूस एकच, विंगेतला प्रॉम्प्टर. त्याला उजेड हवा, पण तो उजेड रंगमंचावर सांडला तर देखाव्याचा भंग होणार. म्हणून त्याचा दिवा लहान, खाली ठेवलेला आणि एका अंगाने झाकलेला असावा लागे. पानावर उजेड आणि बाकी सर्वत्र अंधार, या तत्त्वाचे धडे मराठी माणूस प्रथम विंगेत शिकला.

पाश्चात्त्य संगीताला हा प्रश्न फार आधी भेटला, कारण तेथे अनेक वाद्ये एकाच वेळी निरनिराळे सूर वाजवतात आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा स्वतंत्र कागद असतो. हायडन या रचनाकाराची १७७२ सालची एक सिंफनी या बाबतीत प्रसिद्ध आहे. एस्टरहाझी सरदाराने आपल्या वादकांना उन्हाळी वाड्यात फार दिवस अडकवून ठेवले होते. ते घरी जाण्यास उत्सुक आहेत हे सुचवण्यासाठी हायडनने शेवटच्या भागात अशी योजना केली की एकेका वादकाने वाजवणे संपवावे, आपल्या स्टँडवरची मेणबत्ती विझवावी आणि उठून जावे. अखेरीस दोन व्हायोलिने उरतात. सरदाराला अर्थ कळला. प्रत्येक वादकाला स्वतःची मेणबत्ती असे, म्हणूनच हा विनोद शक्य झाला. पुढे १८७६ साली वाग्नरने बायरॉइट येथे नाटकगृह बांधले, तेव्हा त्याने सारा वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेल्या खळग्यात बसवला. वादकांच्या दिव्यांचा उजेडही प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता. आपल्याजवळ गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपीचे वाचन शिकवले जाई. तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले आणि कागदावरून थेट वाजवण्याची विद्या त्यांनी तेथे रुजवली.

हिंदुस्थानी संगीत कागदावर उतरवण्याचा उद्योगही याच शतकातला. मौलाबक्षांनी बडोद्यास १८८६ मध्ये संगीतशाळा चालू केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची स्वरलिपी बसवली आणि पुस्तके छापली. लहानपणी फटाक्याच्या अपघातात पलुसकरांची दृष्टी अधू झाली होती. त्यामुळे शाळेचे शिक्षण सुटले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. ज्याला स्वतः छापील अक्षर वाचणे कठीण, त्याने संगीत छापील अक्षरांत आणण्यासाठी आयुष्य वेचावे, या गोष्टीचे महत्त्व आम्हांस फार वाटते. भातखंड्यांची स्वरलिपी तर आज शाळाशाळांतून चालते. तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. आता विचार करा. अंधुक उजेडात टिंब दिसले नाही तर स्वर एक सप्तक चुकतो, आणि रेघ दिसली नाही तर कोमल गंधार शुद्ध होऊन राग बदलतो. पोथीत सुटलेला अनुस्वार श्रोता सांभाळून घेतो. सुटलेले टिंब मात्र साऱ्या सभेला ऐकू येते.

इतिहासाने दिलेले हे अनुभव एकत्र केले तर दिवा निवडण्याच्या कसोट्या आपोआप हाती येतात. पहिली, दिवा पानाच्या जवळ हवा. तो दुप्पट दूर नेला की पानावरचा उजेड चौथाई होतो; मांडवाच्या आढ्याला टांगलेला मोठा दिवा वाचकाला निरुपयोगी ठरतो तो यामुळे. दुसरी, ज्योत किंवा दिव्याची गोळी वाचकाला आणि श्रोत्याला प्रत्यक्ष दिसता कामा नये; तिला झाकण हवे. तिसरी, उजेड वरून आणि बाजूने यावा. समोरून आला तर गुळगुळीत कागद चकाकतो, पाठीमागून आला तर वाचकाचीच सावली पानावर पडते. उजव्या हाताने पाने उलटणाऱ्याने दिवा डावीकडे घ्यावा. चौथी, उजेडाचा रंग पाहावा. तांबड्या उजेडात तांबड्या शाईची अक्षरे नाहीशी होतात, आणि जुन्या पोथ्यांत अध्यायाची समाप्ती पुष्कळदा तांबड्या शाईनेच लिहिलेली असते. पाचवी, दिवा स्थिर आणि मुका हवा. सहावी कसोटी दिव्याची नाही, अक्षराची आहे. अक्षर मोठे असेल तर थोडा उजेडही पुरतो.

आज साधनांची वाण नाही. नऊ वॉटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॉटच्या दिव्याइतका उजेड देतो आणि तापत नाही. मान वळवता येणारा, चिमट्याने चौरंगाला किंवा स्टँडला लावता येणारा लहान दिवा कोणत्याही बाजारात मिळतो. स्वस्त दिवे कधी लुकलुकतात, कधी ध्वनिवर्धकात गुणगुण उठवतात, तेवढे आधी तपासून घ्यावे. वाचनाला ३०० ते ५०० लक्स उजेड पुरेसा धरतात आणि तो अशा लहान दिव्याने सहज मिळतो. तरुण मंडळी भजनाचे पद मोबाइलवर वाचतात. तेथे तर पानच दिवा होऊन बसले आहे. समोरच्या ज्योतीचा जो दोष समईला लागू होता तोच त्यालाही लागू आहे, म्हणून अंधारात पडद्याची झळाळी कमी करून घ्यावी हे बरे.

असे असूनही आमच्या मांडवांत काय दिसते? चारी बाजूंनी प्रखर दिवे असतात, आणि त्यांची तोंडे वाचकांकडे असतात, कारण चित्रीकरणात चेहरे उजळ यावेत. पारायणाला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत झोत आणि मांडीवरच्या ग्रंथावर त्याची स्वतःची सावली! पूजेचा दिवा आणि वाचण्याचा दिवा यांतला जुना भेद आपण येथे विसरलो. दिवे भरपूर, पण ते सारे पाहणाऱ्यांचे. वाचणाऱ्याचा एकही नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एकतृतीयांश उजेड पोचतो, असे नेत्रशास्त्र सांगते. म्हणजे नातवाला जेवढ्या उजेडात अक्षर स्वच्छ दिसते, तेवढेच स्वच्छ दिसण्यासाठी आजोबांना तिप्पट उजेड लागतो. तो मांडवात तिप्पट करून भागत नाही, त्यांच्या पानावर तिप्पट करावा लागतो.

कोणी म्हणतील, पाठ करावे, म्हणजे दिव्याची कटकटच नको. पाठांतराविषयी आमच्या मनात आदरच आहे. गोंधळी, कीर्तनकार आणि पोहरादेवीच्या गायिका यांनी त्यावर शतके तारून नेली. परंतु स्मरणही वयाबरोबर उणे होते, आणि ज्याने चाळीस वर्षे ग्रंथ वाचून दाखवला त्याच्या कंठातली ओवीची चाल पुस्तकात उतरलेली नाही. तो माणूस मांडवातून उठला की ती चाल त्याच्याबरोबर उठते. सर्वसेनाचे काव्य आपण गमावले ते पुन्हा मिळणे कठीण. ही चाल राखणे मात्र अजून आपल्या हाती आहे. येत्या आषाढात पोथी लागेल तेव्हा मांडवाचा हिशोब करताना प्रत्येक वृद्ध वाचकामागे एक लहान, झाकलेला, बाजूचा दिवा धरावा, आणि एक मोठ्या टाइपाची प्रत. खर्च किरकोळ आहे. दिवा लावून झाल्यावर मात्र तो पुरतो की नाही हे आयोजकांनी ठरवू नये. पानापुढे बसलेल्या वाचकाला विचारावे.